कच्च्या कागदावरची काडी

‘...पण भातच का, गुरुजी?’

भिक्षू सुइआन यांनी मान वर केली नाही. ते शाई उगाळत होते.

‘वेळू आहे. कमळ आहे. खडकातली गवतफुलं आहेत,’ फांग लिन म्हणाला. ‘थोरामोठ्यांनी शेकडो वर्षं हेच काढलं. भाताची काडी कुणी काढलेली मी तरी पाहिली नाही.’

‘सकाळी काय खाल्लंस?’

‘पेज.’

‘कशाची?’

‘...भाताची.’

उंबऱ्यापाशी बसलेल्या शू काकूंनी तोंडाला पदर... नव्हे, त्या देशात पदर नसतो, बाहीचं टोक तोंडाला लावलं आणि हसू दाबलं. हसायला त्या आल्या नव्हत्या, पण हसू आलं त्याला त्यांचा इलाज नव्हता.

भिक्षूंची झोपडी डोंगराच्या कडेला होती. खाली ओढा, आणि ओढ्याकाठी कागद करणाऱ्यांची वस्ती. झाडाची साल आणि भाताचा पेंढा महिनोन्‌महिने भिजवायचा, कुटायचा, उन्हात पांढरा करायचा, पुन्हा कुटायचा. त्याचा लगदा हौदात कालवायचा आणि बांबूच्या काड्यांच्या चाळणीवर एकेक ताव उचलायचा. शू काकू आणि त्यांचा नवरा पेइ यांनी उभा जन्म यात घालवला. चाळीस वर्षं भिक्षूंना कागद त्यांच्याच घरून येत होता.

चाळीस वर्षांत त्या घरानं एक चित्र मागितलं नव्हतं. आज मागितलं.

‘येत्या पौर्णिमेला म्हाताऱ्याला जाऊन वर्ष होतंय, बाबा,’ शू काकू म्हणाल्या. ‘घरात त्याचं म्हणून काही नाही. तसबीर नाही, कपडे देऊन टाकले. जन्मभर पेंढा भिजवला त्यानं. म्हणून म्हटलं, भाताची एक काडी भिंतीवर असावी. तिच्यापुढे दिवा लावीन.’

‘कागद?’ भिक्षूंनी विचारलं.

काकूंनी मांडीवरची गुंडाळी सोडली. आत एकच ताव होता.

‘हा शेवटचा. लगदा त्यानंच कालवला, चाळण त्यानंच उचलली. दुसऱ्या टोकाला मी होते. त्यानंतर तो हौदापाशी आला नाही.’ त्या थांबल्या. ‘याला जोड नाही, बाबा. हा गेला की गेला.’

भिक्षूंनी तो ताव दोन्ही हातांनी घेतला. त्यांचे हात थरथरत होते.

ते फांग लिनला दिसलं. गेली दोन वर्षं तो तेच पाहत होता.

*

फांग लिन वाईट माणूस नव्हता. ज्याचा हात चांगला असतो त्याला एक आजार जडतो, तो त्याला जडला होता, एवढंच.

तो शहरातून आला होता. सुभेदाराच्या चित्रशाळेत वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याचा दबदबा होता. वीतभर नव्हे, पुरुषभर उंचीची रेघ तो एका दमात ओढायचा, आणि तिच्यात केसाएवढं वाकडेपण सापडायचं नाही. लोक ती रेघ बघायला यायचे. रेघ कशाची आहे हे फारसं कुणी विचारायचं नाही, आणि फांग लिनलाही त्याचं काही वाटायचं नाही.

मग कुणीतरी त्याला सांगितलं की डोंगरात सुइआन नावाचे एक भिक्षू आहेत, त्यांची रेघ बघून ये. तो बघायला आला आणि राहिला. तीन वर्षं झाली होती.

तीन वर्षं त्याला काय मिळालं? शाईची कांडी आणि दगड. चंदन सहाणेवर उगाळावं तशी पाइनच्या काजळीची कांडी त्या दगडावर उगाळायची. जोर लावायचा नाही. जोर लावला की शाई भरड होते. घाई केली की फेस येतो. गोल, सावकाश, सकाळभर. ते झालं की कच्च्या कागदावर एकेक रेघ. एकदा ओढली की संपली. तिच्यावर पुन्हा कुंचला न्यायचा नाही, हा भिक्षूंचा एकुलता एक दंडक होता. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फांग लिननं विचारलंही नाही, कारण त्याच्या रेघेला दुसऱ्यांदा हात लावायची वेळच कधी आली नाही.

कच्चा म्हणजे तुरटीचं पाणी न पाजलेला कागद. शहरात सगळे पक्का कागद वापरत. पक्क्या कागदावर शाई वर बसते. चुकलं तर वाळू द्यावं, वरून गडद शाईचा हात फिरवावा, कुणाच्या बापाला कळत नाही. कच्चा कागद तसा नसतो. तो शाई पितो.

एवढं फांग लिनला माहीत होतं. एवढंच माहीत होतं, हा घोटाळा झाला.

*

पौर्णिमेला चार दिवस होते तेव्हा भिक्षूंनी काडी काढली.

टेबलावर लोकरीचं जाड कापड अंथरलं. त्यावर तो ताव. चार कोपऱ्यांवर ओढ्यातले चार गोटे. फांग लिननं शाई उगाळून ठेवली होती. भिक्षूंनी बकरीच्या केसांचा लांब कुंचला पाण्यात भिजवला, निथळला, शाईत टेकवला. मग बराच वेळ नुसते बसले.

‘पेइ,’ ते हलकेच म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हे.

आणि कुंचला टेकला.

तळापासून रेघ निघाली. सरळ वर आली, जराशी झुकली... आणि मधोमध थरथरली. तीन ठिकाणी. पहिल्यांदा थोडी, मग जास्त, मग पुन्हा थोडी. त्यानंतर वाकत वाकत टोकाशी गेली, जिथे दाणे यायचे होते.

फांग लिन शाईच्या दगडापाशी उभा होता.

भिक्षूंनी कुंचला खाली ठेवला.

‘दाणे?’ त्यानं विचारलं.

‘आज नाही. हात दमला.’

ते काठी घेऊन खाली ओढ्याकडे गेले. काम झालं की तिथे उन्हात बसायचा त्यांचा रिवाज होता. जेवणवेळेपर्यंत ते येणार नव्हते.

फांग लिन टेबलापाशी उभा राहिला.

त्याच्या मनात काय आलं ते सांगायला हवं, कारण पुढे तो स्वतःच ते सांगणार आहे. त्याला गुरुजींची दया आली. ज्या हाताची रेघ बघायला तो घरदार सोडून आला, त्या हाताची ही दशा. हे चित्र वस्तीत लागणार, शहरातले व्यापारी कागद घ्यायला तिथे येतात, ते बघणार, एकमेकांना कोपरानं ढोसणार. सुइआन संपले म्हणणार. त्याला रडू आलं.

आणि त्या रडण्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. ते व्यापारी असंही म्हणणार होते की तो फांग लिन याच्याचकडे शिकतोय.

त्यानं कुंचला उचलला.

शाई होतीच. त्यानं ती जराशी अधिक गडद केली, गुरुजींच्या रेघेहून किंचित रुंद हात धरला आणि तळापासून टोकापर्यंत, एका दमात, त्याच वळणानं काडी ओढली. तिन्ही थरथरी तिच्याखाली झाकल्या गेल्या.

ओली रेघ काळीभोर दिसत होती. अशी काडी उभ्या प्रांतात कुणाला ओढता आली नसती. फांग लिनचा जीव भांड्यात पडला. कुंचला धुऊन, टोक खाली करून, त्यानं खुंटीला टांगला आणि तो लाकडं फोडायला गेला.

परत आला तेव्हा रेघ वाळली होती.

तो टेबलावर वाकला.

गुरुजींची रेघ वर होती. जशीच्या तशी, तिन्ही थरथरींसकट, स्वच्छ. आणि त्याची रेघ, जी त्यानं नंतर काढली, वरून काढली, अधिक गडद शाईनं काढली, ती मागे गेली होती. कुणीतरी काडीच्या पाठीमागे ताठ उभं राहावं आणि त्याची करडी सावली दोन्ही बाजूंनी दिसावी, तशी.

त्यानं ताव उजेडाकडे वळवून पाहिला. डोळे चोळून पाहिलं. काही बदलत नव्हतं.

*

भिक्षू आले. काठी दाराशी ठेवली. टेबलापाशी उभे राहिले.

त्यांनी तावावर वाकून पाहिलं.

‘दोन आहेत,’ ते म्हणाले.

‘...हो.’

‘वर कोणती?’

‘तुमची.’

‘नंतर कोणती काढली?’

‘...माझी.’

‘मग ती मागे कशी?’

‘मला कळत नाही, गुरुजी.’

‘मलाही कधी कळलं नाही,’ भिक्षू म्हणाले. ‘काकूंना विचार. कागद त्यांचा आहे.’

फांग लिन गुडघ्यांवर बसला. कपाळ जमिनीला टेकवलं.

‘तुमचं नाव राखायला केलं मी.’

‘माझं?’

झोपडीत पातेल्यातलं पाणी उकळल्याचा आवाज येत होता.

‘...माझंही,’ फांग लिन म्हणाला.

‘हं.’

‘मला घालवून द्या.’

‘तू गेलास तर काकूंना कोण सांगणार?’

त्यानं मान वर केली. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. गुरुजी रागावतील, काठी उगारतील, हाकलतील, इथपर्यंत त्यानं मनाची तयारी केली होती. पण त्या बाईला, जिच्या घरात नवऱ्याची एवढीच एक वस्तू उरली होती, तिला तोंडानं सांगायचं...

‘तुम्ही सांगा, गुरुजी.’

‘माझी रेघ मी काढली,’ भिक्षू म्हणाले. ‘तिचं मी सांगेन.’

त्यांनी कोपऱ्यातला जुन्या कागदांचा गठ्ठा पायानं त्याच्याकडे सरकवला.

‘पौर्णिमेला चार दिवस आहेत. तोवर एक काम कर. ही थरथर काढून दाखव.’

‘कुठली?’

‘जी तू झाकलीस ती.’

*

फांग लिनला आधी वाटलं, ही काय शिक्षा आहे? ताठ रेघ ओढायला पंधरा वर्षं लागतात. वाकडी ओढायला काय लागतं?

पहिल्या दिवशी त्यानं साठ काड्या काढल्या. साठही थरथरत होत्या. पण त्या थरथरी एकसारख्या होत्या. करवतीचे दाते असावेत तशा. त्याचा हात इतका शहाणा झाला होता की वेडं व्हायचं म्हटलं तरी ते ठरवून, मापात, नीटनेटकं व्हायचं.

‘ही किनार छान आहे,’ भिक्षू म्हणाले. ‘कुणाच्या तरी अंगरख्याला शोभेल.’

दुसऱ्या दिवशी त्यानं युक्ती केली. ओढ्याच्या थंडगार पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवून बसला. दात वाजायला लागले तसा पळत वर आला आणि कुंचला धरला. रेघ थरथरली. खरोखर थरथरली.

भिक्षूंनी ती पाहिली.

‘ही थंडी आहे.’

दुपारी त्यानं पाण्यानं भरलेली बादली हात लांब करून धरली, खांद्यातून कळा यायला लागेपर्यंत. मग काडी काढली.

‘हा दमलेला हात आहे.’

तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे मिटले. डाव्या हातानं काढून पाहिली. कुंचल्याच्या अगदी शेंड्याला धरून काढून पाहिली. शेवटी गुरुजींच्या रेघेवर पातळ कागद ठेवून हळूहळू, मुंगीच्या पावलानं, ती तशीच उतरवून घेतली. तिन्ही थरथरी जिथल्या तिथे आल्या. काडीइतकीही चूक नव्हती.

भिक्षूंनी तो कागद हातात घेतला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला.

‘ही चोरी आहे,’ ते म्हणाले आणि त्यांनी कागद चुलीत टाकला.

जमिनीवर कागदांचा ढीग साचला होता. फांग लिन त्यात बसून राहिला. त्याला इतकं एकटं आजवर कधी वाटलं नव्हतं. पंधरा वर्षं ज्या हाताच्या जिवावर तो जगला, तो हात त्याला आज पहिल्यांदा लाकडाचा वाटला.

‘गुरुजी...’ तो म्हणाला. ‘तुमच्या रेघेत काय आहे?’

‘म्हातारपण.’

‘एवढंच?’

भिक्षूंनी दोन्ही हात उताणे करून मांडीवर ठेवले. ते थोडे थोडे हलत होते.

‘पेइ चाळीस वर्षं कागद घेऊन हा डोंगर चढला,’ ते म्हणाले. ‘पाऊस असला तर कागद अंगरख्याच्या आत, पोटाशी. स्वतः भिजायचा. कागद कोरडा. मी म्हणायचो, ये, आत बस, शेकोटी घे. तो म्हणायचा, आज नको, घरी लगदा भिजलाय. चाळीस वर्षं मी म्हणत राहिलो, पुढच्या खेपेला बस...’

त्यांनी चुलीत एक लाकूड सरकवलं.

फांग लिन तीन वर्षं त्या झोपडीत होता. पेइला त्यानं कितीदा पाहिलं असेल. कागद हातात घ्यायचा, दार लावायचं. त्या म्हाताऱ्याचा चेहरा आठवायचा त्यानं खूप प्रयत्न केला. आठवले ते फक्त त्याचे चिखलानं भरलेले जोडे.

*

पौर्णिमेच्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर शू काकू आल्या. स्वच्छ निळा अंगरखा घातलेला, केस चोपून बसवलेले. टोपलीत नव्या तांदळाची पुरचुंडी होती.

‘झालं का, बाबा?’

भिक्षू चुलीपाशी बसले होते. त्यांनी फांग लिनकडे पाहिलं आणि चुलीतली लाकडं सारखी करायला घेतली.

फांग लिन उठला. टेबलावरचा ताव त्यानं दोन्ही हातांत घेतला. कागद वाजत होता. आधी त्याला वाटलं दारातून वारा येतोय.

‘काकू...’

‘बोल, बाबा.’

‘मी तुमचा कागद नासवला.’

काकूंचं हसू जागच्या जागी राहिलं.

‘गुरुजींनी काडी काढली होती. ती... ती मधे हलली होती. मला वाटलं, लोक हसतील. मी वरून दुसरी ओढली. त्यांना न विचारता. तुम्हाला न विचारता. गुरुजींचं नाव राखायला केलं असं मी म्हणालो. पण तेवढ्यासाठी नव्हतं. मला माझी लाज वाटली.’

‘दुसरा कागद नाही माझ्यापाशी,’ काकू म्हणाल्या.

‘ठाऊक आहे.’

‘तेव्हा ठाऊक होतं?’

‘...हो.’

‘ठाऊक होतं, तरी?’

‘हो, काकू.’

काकूंनी टोपली खाली ठेवली. तांदळाची पुरचुंडी तिच्यातून कलंडली, ती कुणी उचलली नाही.

त्यांनी त्याच्या हातांतून ताव घेतला आणि दारात गेल्या. कागद करणारी माणसं कागद समोरून बघत नाहीत. उजेडाकडे धरतात आणि आरपार बघतात. काकूंनी तसाच धरला. उन्हात तो ताव उजळून निघाला. आत पेंढ्याचे बारीक तंतू दिसत होते, आणि त्यांच्यावर ती काडी, थरथरलेली, आणि तिच्या मागे ती दुसरी.

त्या इतका वेळ उभ्या होत्या की शेवटी फांग लिन उंबऱ्यावर बसला.

‘माझा कागद असाच आहे,’ काकू म्हणाल्या. आवाज मऊ नव्हता. ‘पहिली शाई येते तिला तो सगळं देऊन टाकतो. नंतर येणाऱ्याला पोटात जागा नसते. तो मागे राहतो.’

‘मला माहीत नव्हतं.’

‘कसं असेल? विचारलंस कधी?’

‘...नाही.’

काकूंनी ताव आणखी थोडा वर धरला.

‘मोठा कागद एकट्यानं उचलता येत नाही,’ त्या म्हणाल्या. आता त्या त्याच्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळत नव्हतं. ‘चाळणीच्या एका टोकाला एक, दुसऱ्याला दुसरा. पाण्यात बुडवायची, उचलायची, पाणी निथळेपर्यंत दोघांनी तोलून धरायची. शेवटच्या वर्षी म्हाताऱ्याचे हात कापायला लागले. मी म्हटलं, काही बिघडत नाही, माझे तर धड आहेत. मी माझं टोक घट्ट धरायचे. अगदी ताठ.’

‘मग?’

‘मग काय. लगदा एका अंगाला जायचा. कागद एकीकडे जाड, एकीकडे जाळी. सोडवताना फाटायचा. तो काही बोलायचा नाही. फाटलेला ताव परत हौदात टाकायचा आणि पुन्हा चाळण उचलायचा. मला इतका राग यायचा त्याचा... एकदा म्हटलं, तू सोड, मी सुनेला बोलावते. त्यानं नुसतं माझ्याकडे पाहिलं.’

काकूंचा आवाज फुटला. त्यांनी तो सावरला नाही.

‘मग एक दिवस मी ताठ धरायचं सोडलं. तो हलला की मीही हलायचे. तो डावीकडे, मी डावीकडे. हा ताव त्या दिवसाचा आहे.’

त्यांनी बोटानं त्या मागच्या करड्या रेघेवर, कागदाला न शिवता, वरच्या वर खूण केली.

‘मी इथे उभी असायचे, अशी ताठ,’ त्या म्हणाल्या.

फांग लिन रडायला लागला. त्यात काही शोभा नव्हती. नाक गळत होतं, खांदे हलत होते, तोंडातून नीट शब्द निघत नव्हता. ‘मला क्षमा करा’ असं त्यानं तीनदा म्हटलं असावं. शहरातल्या त्याच्या मित्रांनी त्याला ओळखलं नसतं.

काकूंनी त्याला थोपटलं नाही, आणि रागही काढला नाही. डोळे बाहीनं पुसले, ताव परत आणून टेबलावर अंथरला, आणि एकेक करून चारही कोपऱ्यांवर गोटे ठेवले. मग दोन पावलं मागे जाऊन त्यांनी चित्राकडे पाहिलं, बाजारात भाजी पारखावी तसं.

‘पण बाबा,’ त्या भिक्षूंना म्हणाल्या, ‘लोंबी कुठे आहे? दाणेच नाहीत की. नुसता पेंढा मी भिंतीवर कसा लावू? पेंढा भिजवला तसा भातही खाल्ला त्यानं आयुष्यभर.’

‘दाणे राहिलेत,’ भिक्षू म्हणाले.

ते चुलीपासून उठले. दगडावर पाण्याचे चार थेंब टाकले आणि स्वतः शाई उगाळायला बसले. गोल, सावकाश. कांडी त्यांच्या बोटांत थरथरत होती, पण दगडावर तिचा आवाज एकसारखा येत होता. काकू उंबऱ्यावर जाऊन बसल्या. पुरचुंडी उचलून त्यांनी मांडीवर घेतली. कुणालाही घाई नव्हती.

शाई झाली. भिक्षूंनी खुंटीवरचा छोटा कुंचला काढला, भिजवला, निथळला, शाईत टेकवला.

आणि तो फांग लिनपुढे धरला.

फांग लिन मागे सरकला.

‘मी नाही, गुरुजी. मी आधीच...’

कुंचला तसाच पुढे होता.

‘तुमचं चित्र आहे हे.’

फांग लिननं काकूंकडे पाहिलं. त्या त्याच्याकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर क्षमा होती की नव्हती हे त्याला वाचता आलं नाही, पण त्यांनी नजर वळवली नाही.

त्यानं चेहरा बाहीनं पुसला. टेबलापाशी आला. कुंचला घेतला.

काडीच्या वाकलेल्या टोकाशी जागा होती. पहिला दाणा कुठे यायला हवा ते त्याला स्पष्ट दिसत होतं. त्यानं कुंचला सरळ उभा धरला, पंधरा वर्षं धरला तसा, आणि कागदाकडे नेला.

कुंचल्याचं टोक हवेतच हलत होतं. त्यानं मनगट आवळलं. जास्तच हललं. त्यानं डाव्या हातानं उजवा हात धरला. मग डावाही हलायला लागला.

तो थांबला. त्याला कुंचला खाली ठेवायचा होता.

‘गुरुजी,’ तो म्हणाला, ‘हात थांबत नाही माझा.’

भिक्षूंनी त्याच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून उजव्या मनगटावरून सोडवली.

‘थांबायच्या आत काढ.’